पावती भरली म्हणजे गुन्हा कबूल केला!

व्यापारी माणूस हिशेबाचा पक्का असतो. पावशेर मालात तोटा आला तरी तो रात्री वही उघडून बसतो. पण हाच माणूस दंडाची पावती हातात पडली की हिशेब विसरतो. "जाऊ द्या, पाचशे रुपये आहेत, कोण भांडत बसणार?" असे म्हणून पैसे भरतो आणि कामाला लागतो. दंड रास्त असेल तर हे ठीकच आहे. परंतु दंड चुकीचा असताना गप्प बसणे हा शहाणपणा नसून तो तोट्याचा व्यवहार आहे, हे आज आम्हाला आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडायचे आहे.

आमच्या ओळखीचे एक सुतार मिस्त्री आहेत. स्वतःचा छोटा टेंपो आहे. जिल्ह्यातल्याच एका बाजारपेठेच्या गावी (गावाचे नाव येथे देत नाही) दुकानाचे शटर आणि फळ्या बसवायचे काम त्यांना मिळाले. टेंपो रस्त्याच्या कडेला लावला, फळ्या उतरवल्या, आत नेल्या. बाहेर येऊन पाहतात तो काहीच घडले नव्हते. चार दिवसांनी मोबाईलवर निरोप आला, नो पार्किंग, दंड रुपये पाचशे. मिस्त्रींनी मुलाला सांगून पैसे भरून टाकले. पुढच्या महिन्यात त्याच कामासाठी त्याच जागी पुन्हा गाडी लागली. या वेळी निरोप आला, दंड रुपये पंधराशे! ज्या दिवसाची मजुरी बाराशे, त्या दिवसाचा दंड पंधराशे. मिस्त्री आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाई, तिथे पाटी नाही, पट्टा नाही, दुकानदार रोज गाड्या लावतात. मग दाद कुठे मागायची?"

हा प्रश्न एकट्या मिस्त्रींचा नाही. मिरकरवाड्याहून मासळी भरून निघणारा टेंपो, राम आळीत कापडाचे गठ्ठे उतरवणारी रिक्षा, हापूसच्या दिवसांत पेट्या चढवण्यासाठी थांबलेली पिकअप, या साऱ्यांचा तो प्रश्न आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

दंडाचा आकडा कुठून येतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यातील कलम १७७ हे किरकोळ नियमभंगासाठी आहे. पूर्वी त्यात पहिल्या गुन्ह्याला शंभर व पुढच्या गुन्ह्याला तीनशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे पाचशे आणि पंधराशे झाले. महाराष्ट्राने ही वाढ लगेच लागू केली नाही. आपल्या राज्यात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले.

आता मुख्य गोष्ट. चलानावर जी रक्कम असते ती न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा नसते. कलम २०० नुसार ती तडजोडीची रक्कम असते. म्हणजे सरकार म्हणते, "एवढे भरा, आम्ही खटला चालवणार नाही." तुम्ही भरलेत की प्रकरण तिथेच मिटले. नंतर "माझी चूक नव्हती" असे सांगायला गेलात तर समोरचा विचारणार, मग भरले कशाला? शिवाय पुढच्या वेळी तुम्ही नवखे राहत नाही, दुसरा गुन्हा म्हणून तिप्पट रक्कम पुढे येते. मिस्त्रींच्या बाबतीत नेमके हेच झाले. पहिले पाचशे गप्प भरले म्हणून दुसऱ्या वेळी पंधराशे आले.

तेव्हा पहिला धडा हा की, ज्या चलानावर हरकत घ्यायची आहे ते आधी भरू नये. मात्र न भरता नुसते झोपूनही राहू नये. थकलेली चलाने पुढे गाडी विकताना, नावावर करताना आडवी येतात. भरायचे किंवा हरकत घ्यायची, दोहोंपैकी एक मुदतीत केलेच पाहिजे. हरकतीची मुदत वेळोवेळी बदलते, म्हणून चलानावर दिलेली मुदत वाचून तीच धरावी.

नो पार्किंग कोणी ठरवायचे?

पुष्कळांचा समज असा की, हवालदार म्हणेल ती जागा नो पार्किंग. कायदा तसे म्हणत नाही. कलम ११५ प्रमाणे वाहनांवर निर्बंध घालायचा तर सक्षम अधिकाऱ्याने राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. निर्बंध एका महिन्याहून अधिक काळाचा नसेल तर राजपत्राची गरज नाही, पण गावात त्याची प्रसिद्धी करावी लागते. आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे की, निर्बंध घातला की योग्य जागी त्याच्या खुणा, म्हणजे पाट्या, लावल्याच पाहिजेत. पाटी ही मेहेरबानी नव्हे, ते कायद्याने सांगितलेले काम आहे. कलम ११७ मध्ये तर गाड्या कुठे उभ्या राहू शकतील त्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, अशी तरतूद आहे.

पण येथे आमच्या बांधवांनी अर्धेच वाचून उड्या मारू नयेत. पाटी नसली तरी काही ठिकाणी गाडी लावणे गुन्हाच आहे. चौकाजवळ, वळणावर, फूटपाथवर, बस थांब्यापुढे, शाळा-दवाखान्याच्या दारात, आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या बाजूला दुसरी ओळ करून गाडी लावता येत नाही. १९८९ च्या रस्ता नियमांत अशी यादी होती, त्यांच्या जागी २०१७ चे नियम आले, तरी मूळ तत्त्व तेच आहे. कलम १२२ सांगते की, दुसऱ्याला धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा रीतीने गाडी सोडून जाऊ नये. ॲम्ब्युलन्सची वाट अडवून "पाटी कुठे आहे?" असे विचारणाऱ्याच्या बाजूने आम्ही उभे राहणार नाही.

खरे सांगायचे तर आपल्याच पेठेत आपण काय करतो तेही पाहावे. दुकानापुढची जागा सकाळी मालकाचीच स्कूटर अडवते, मग गिऱ्हाईक रस्त्यात गाडी लावते. जुम्म्याच्या वेळी मशिदीबाहेर दुचाक्या वेड्यावाकड्या लागतात आणि शेजारच्याला घराबाहेर पडता येत नाही. अशा वेळी आलेली पावती निमूट भरावी. न्याय मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असले तरच त्याच्या शब्दाला वजन येते.

चुका कशा होतात?

मुंबईत २०१६ साली ई-चलान सुरू झाले आणि पुढे ते राज्यभर पसरले. पूर्वी पावती समोरासमोर फाडली जाई. चूक असली तर जागेवरच बोलता येई. आता फोटो निघतो आणि निरोप नंतर येतो. यात वशिला कमी झाला हे चांगले झाले, पण बोलण्याची संधीही कमी झाली.

चूक कोणाचीही होऊ शकते याचे मोठे उदाहरण जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत घडले. दिवंगत उद्योगपती रतन टाटा यांच्या मोटारीच्या नावे नियमभंगाची चलाने येत होती. आपल्या चालकाने नियम मोडलेला नाही असे त्यांच्याकडून कळवण्यात आले. पोलिसांनी सीसीटीव्ही तपासले तेव्हा आढळले की, दुसऱ्याच एका मोटारीवर तोच क्रमांक लावून ती शहरात फिरत होती. अंकशास्त्राच्या सल्ल्याने म्हणे तो क्रमांक निवडला होता! माटुंग्याला गुन्हा नोंदवला गेला. टाटांसारख्यांच्या नावावर दुसऱ्याची चलाने येऊ शकतात, तर आपल्या टेंपोच्या क्रमांकात तीनचा आठ होणार नाही कशावरून? मात्र टाटांकडून हरकत घेतली गेली म्हणून चूक उघड झाली, हे विसरू नये.

आणखी एक उदाहरण. जुलै २०२५ मध्ये ई-चलानाच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध राज्यातील वाहतूकदारांनी संप पुकारला. त्याच सुमारास राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले की, स्वतःच्या खाजगी मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीने चलान करू नये, त्यासाठी दिलेले अधिकृत यंत्रच वापरावे. म्हणजे वाहतूकदारांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. सरकारी खात्यालाही तशी सूचना काढावी लागली.

विकलेल्या गाडीचे चलान हा तिसरा प्रकार. जुना टेंपो विकला, पैसे घेतले, चावी दिली, पण कागद तसेच राहिले. घेणाऱ्याने कुठेही गाडी लावली तरी चलान जुन्या मालकाला येते, कारण नोंदवहीत नाव त्याचे असते. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. भिडेखातर हे टाळू नये. येथे चूक चलानाची नसून आपल्या आळसाची असते.

दाद मागण्याची वाट

आता कामाची माहिती देतो. हे कात्रण गल्ल्यात ठेवले तरी चालेल.

पहिले काम जागेवरचे. चलान झाल्याचे कळताच त्या जागी जाऊन फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, म्हणजे दोन्ही बाजूंना पाटी आहे की नाही ते दिसेल. पाटी झाडाआड किंवा दुकानाच्या फलकाआड असेल तर तसाच फोटो घ्या. ज्यांच्याकडे माल उतरवला त्यांचे बिल किंवा चिठ्ठी जपून ठेवा, त्यावर तारीख व शक्य तर वेळ लिहून घ्या. पंधरा दिवसांनी गेलात तर तेथे नवी पाटी लागलेली असेल आणि तुमचे म्हणणे हवेत विरेल.

दुसरे काम चलान वाचण्याचे. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो या सहा गोष्टी पाहा. फोटोत गाडी तुमचीच आहे का? रंग, मॉडेल जुळते का? ठिकाण "बाजारपेठ" एवढेच मोघम लिहिले आहे का? पुण्यासारख्या शहरांत सम-विषम तारखांचे पार्किंग असते, तेथे तारीख व रस्त्याची बाजू जुळते का तेही पाहावे. कॅमेऱ्यासारख्या यंत्राने केलेल्या चलानाबाबत केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ केला. त्यात गुन्हा व क्रमांक स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख-वेळ-ठिकाण आणि मोडलेल्या तरतुदीचा उल्लेख नोटिशीसोबत असावा, असे सांगितले आहे. फोटोत नुसती गाडी दिसते, अडथळा किंवा पाटी दिसत नाही, हाही हरकतीचा मुद्दा होऊ शकतो.

तिसरे काम लेखी तक्रारीचे. राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर व महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. मुलगा किंवा पुतण्या शिकलेला असेल तर पाच मिनिटांचे काम आहे. ते जमत नसेल तर ज्या शाखेने चलान केले तेथे अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात शिव्याशाप, गाऱ्हाणी, जातधर्म काही आणू नये. चार ओळी पुरे आहेत. नमुना असा:

"महोदय, माझ्या अमुक क्रमांकाच्या वाहनावर अमुक तारखेस अमुक ठिकाणी पार्किंगबद्दल चलान झाले आहे. सदर जागी पार्किंगबंदीची पाटी अथवा खूण नव्हती, फोटो जोडले आहेत. वाहनामुळे वाहतुकीस अडथळा नव्हता. सदर जागेबाबत अधिसूचना असल्यास तिची प्रत मिळावी, नसल्यास चलान रद्द करावे ही विनंती."

चौथे काम माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि साधारण तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. "अमुक रस्त्यावर पार्किंगबंदी कोणत्या तारखेच्या अधिसूचनेने झाली, तिची प्रत द्यावी" एवढेच विचारा. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा पाल्हाळ नको. अधिसूचना मिळाली तर तुमचा गैरसमज दूर होईल. नाही मिळाली तर त्या उत्तराचा कागद न्यायालयात उपयोगी पडेल.

पाचवी पायरी न्यायालयाची. तक्रार फेटाळली तरी "मला न्यायालयापुढे म्हणणे मांडायचे आहे" असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते. समन्सात मुभा दिली असेल तर कलम २०८ प्रमाणे स्वतः न जाता वकिलामार्फत हजर राहता येते. त्याच समन्सात गुन्हा कबूल करून पैसे पाठवण्याचीही सोय असते. गोंधळून तो पर्याय निवडू नये. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अपंग व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे लोक यांना तेथे मोफत वकील मिळतो.

केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मर्यादा जुन्या फौजदारी संहितेत होती आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. फार जुने चलान एकदम पुढे आले तर वकिलाला हा मुद्दा जरूर दाखवा. मात्र उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असतो, म्हणून केवळ यावर विसंबू नका.

लोकअदालतीविषयी एक सावधगिरी. लोकअदालत म्हणजे तडजोड. तेथे प्रकरण मिटते, पण "मी निर्दोष आहे" असा निकाल मिळत नाही, आणि तेथील निवाड्यावर अपील नसते. चूक तुमचीच असेल आणि बरीच चलाने साठली असतील तर लोकअदालत उत्तम. चलानच चुकीचे असेल तर आधी हरकतीची वाट धरावी.

पाचशेसाठी एवढी यातायात?

वाचक म्हणतील, एवढ्या पायऱ्या चढण्यापेक्षा पाचशे परवडले. हा आक्षेप खोटा नाही. न्यायालयात एक दिवस गेला की कारागिराची मजुरी बुडते, आणि ती दंडाहून जास्त असते. ही आपल्या व्यवस्थेतली उणीव आहे, ती मान्य केली पाहिजे. आपल्या कोकणी बांधवांचे नातेवाईक इंग्लंडात आहेत, त्यांना विचारून पाहा. तेथे नगरपालिकेची पार्किंगची पावती आली तर आधी पालिकेलाच लेखी हरकत कळवतात. तिने नाकारली तर तिच्याशी संबंध नसलेल्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते, घरबसल्या. दंड लावणारा एक आणि न्याय करणारा दुसरा. आपल्याकडे त्या दोहोंच्या मध्ये थेट न्यायालयच आहे, आणि लहान माणूस त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. पाचशेच्या दंडासाठी पाचशेहून स्वस्त दाद मिळाली पाहिजे, ही मागणी व्यापाऱ्यांनी आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवायला हवी.

तोवर जी वाट आहे ती तरी वापरावी. पहिल्या तीन पायऱ्यांना मजुरी बुडवावी लागत नाही. फोटो, चलान नीट वाचणे आणि एक लेखी तक्रार, एवढे रात्री दुकान बंद केल्यावरही होते. पुष्कळ प्रकरणांचा निकाल तेथेच लागू शकतो.

एकट्याचे काम नव्हे

शेवटी एक सूचना. एकेकट्याने चलान रद्द करून घेतल्याने पेठेचा प्रश्न सुटत नाही. माल उतरवल्याशिवाय दुकान चालत नाही आणि रस्ता मोकळा राहिल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही, दोन्ही खरे आहे. रत्नागिरीत राम आळी, गोखले नाका, धनजी नाका हे जुने अरुंद रस्ते आहेत. बैलगाडीच्या काळातली रुंदी आणि आजची वाहने यांचा मेळ बसणे कठीण. म्हणून व्यापाऱ्यांनी, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, एकत्र बसून नगरपरिषद व वाहतूक पोलिसांकडे तीन गोष्टी मागाव्यात. माल चढवण्या-उतरवण्याची ठरावीक वेळ व जागा, तिची ठळक पाटी, आणि बंदी असेल तेथे स्पष्ट दिसणारी खूण. हापूसचा हंगाम आणि गणपतीचे दिवस यांसाठी वेगळी व्यवस्था आधीच ठरवून घ्यावी. त्या बदल्यात आपण लिहून द्यावे की, दुकानापुढची जागा आपली वाहने अडवणार नाहीत. मागणाऱ्याने काही दिले की मागण्याला जोर येतो.

मिस्त्रींचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्यांनी त्याच संध्याकाळी जाऊन फोटो काढले, दुकानदाराची चिठ्ठी घेतली आणि पुतण्याकडून तक्रार केली. काही दिवसांनी पंधराशेचे चलान रद्द झाल्याचा निरोप आला. पहिले पाचशे मात्र परत आले नाहीत, आणि येणारही नाहीत. ती जागा तीच होती, पाटी तेव्हाही नव्हती. फरक एवढाच की पहिल्या वेळी त्यांनी पैसे भरले आणि दुसऱ्या वेळी विचारले.